स्वस्त दुकानातली चादर, मापटेप आणि सरळ टीप : कमी खर्चात घर शिवताना

सुईदोरा

नव्या घरात राहायला आलो तेव्हा खिडक्या पाच होत्या आणि पडद्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे दोनच खिडक्यांना पुरणारे. तयार पडदे बघून परत निघाले होते, तेवढ्यात स्वस्त वस्तूंच्या दुकानात चादरींच्या कप्प्यापाशी पाय थांबले. डबल चादर, सुती, फिकट निळी, २२५ बाय २५० सेंटीमीटर. तेवढंच कापड मीटरवर घेतलं असतं तर कितीतरी महाग पडलं असतं, शिवाय इतक्या पन्ह्याचं कापड सहसा मिळत नाही, मध्ये जोड द्यावा लागतो.

त्या दिवसापासून अशा दुकानात मी वस्तूचं नाव वाचतच नाही. चादर म्हणजे चारही बाजूंनी दुमडून आलेलं मोठं कापड. उशीचा अभ्रा म्हणजे तीन बाजूंनी शिवून आलेली पिशवी. टॉवेल म्हणजे पाणी शोषणारं जाड अस्तर. माझं शिवण साधं आहे, सरळ टीप आणि नेफा एवढंच नीट येतं. पण घराला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी सरळ रेघेतच असतात.

पडद्याचं सांगते, कारण त्यात सगळ्यात जास्त वाचतं. खिडकी १२० सेंटीमीटर रुंद. पडद्याला छान चुण्या पडायच्या तर कापड दांडीच्या दीडपट ते दुप्पट हवं. चादर लांबीत मधोमध कापली की ११२ सेंटीमीटरचे दोन भाग मिळतात, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर. एका चादरीत एक खिडकी झाली.

खरी गंमत चादरीच्या डोक्याकडच्या रुंद दुमडीत आहे. तोच पडद्याचा नेफा. फक्त टोकं उसवायची आणि दांडी आत घालायची. मधल्या कापलेल्या कडेला मात्र घाई करू नका. तिथे नेफ्याची टीप आधी चार-पाच सेंटीमीटर उसवा, दुमड उलगडून कापड सपाट करा, मग कापलेली कड एक-एक सेंटीमीटर दोनदा दुमडून वरपासून खालपर्यंत टीप मारा. त्यानंतर नेफा पुन्हा जागेवर बसवून उसवलेला तुकडा शिवा. असं न करता नेफ्यासकट कड दुमडलीत तर नेफ्याचं तोंडच शिवलं जातं आणि दांडी जात नाही.

आता चुकलं कुठे तेही सांगते. पहिली जोडी मी न धुता शिवली. मापं बरोब्बर, पडदा जमिनीला टेकत होता. पहिल्या धुण्यानंतर तोच पडदा आठ सेंटीमीटर वर गेला. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, आणि दोन मीटरच्या पडद्याला हा हिशोब झोंबतो. खाली गडद निळ्या कापडाची पट्टी जोडून लांबी भरून काढली. तेव्हापासून नवी चादर घरात आली की आधी बादलीत, नंतर शिलाई मशीनवर.

पर्समध्ये एक छोटी वही असते. तिच्यात प्रत्येक खिडकीची रुंदी, दांडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, गादीची जाडी, टेबलाचं माप, उशांची मापं. सोबत मापटेप. वही नसताना घेतलेलं कापड माझ्याकडे अजून कपाटात पडून आहे. मोजून घेतलेलं एकही पडून नाही.

तुम्ही काय काय केलंय ते इथे लिहा. मोठं-छोटं सगळं चालेल. नव्या माणसांचे प्रश्नही येऊ देत.

---

निळी_चादर

किती मनापासून लिहिलंय! वाचनखूण साठवली. नेफ्याचं तोंड मी दोनदा शिवून बसले आहे, त्यामुळे तो परिच्छेद दोनदा वाचला.

---

रिळवाली

चर्चेचा हा धागा आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. स्वस्त चादर प्रत्येक वेळी स्वस्त पडत नाही. तीस वर्षं शिवतेय, हाताखालून बरंच कापड गेलंय. कमी दरातल्या पुष्कळ कापडांना खळ भरपूर असते. दुकानात हाताला घट्ट, भारदस्त लागतं, आणि दोन धुण्यांत खळ निघून गेली की खाली जाळीसारखी वीण उरते. असा पडदा शिवायला तुमचे चार तास जातात. त्या तासांचं काय?

मी दुकानातच तीन गोष्टी करते. कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून जोरात चोळते. पांढरी भुकटी पडली तर खळ आहे, ठेवून देते. मग कापड उजेडासमोर धरते, वीण सगळीकडे सारखी दिसते का बघते. तिसरं म्हणजे नक्षीच्या रेघा. चौकडी किंवा पट्टे काठाला समांतर आहेत का ते बघा. स्वस्त छपाईत नक्षी पुष्कळदा तिरकी बसलेली असते. मग धाग्याला धरून कापलं तर नक्षी वाकडी दिसते, आणि नक्षीला धरून कापलं तर पडदा धुतल्यावर पिळतो. दोन्हीकडून फसगत.

---

सुईदोरा

रिळवालीताई, अगदी पटलं. भुकटीचं मला माहीत नव्हतं, आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. तासांचा मुद्दा मात्र मी थोडा वेगळा बघते. माझे शिवणाचे तास मला खर्चात धरावेसे वाटत नाहीत, ते मला आवडतात. पण कापड वाईट निघालं तर तेच तास रडवतात हे खरं.

---

धावदोरा

तिरक्या कापडाबद्दल थोडं. कापडाला ताणा आणि बाणा असतो हे ठाऊक असलं की अर्धं शिवण सोपं होतं. काठाला समांतर जाणारा उभा धागा म्हणजे ताणा, तो सगळ्यात कमी ताणला जातो. आडवा बाणा किंचित सैल. आणि दोन्हींच्या मधोमध, ४५ अंशांत ओढलंत तर तेच कापड रबरासारखं येतं. म्हणूनच गोल कडेला लावायची पट्टी उरेब, म्हणजे अशी तिरकी, कापतात, ती वळणावर चुणी न पडता बसते. आणि म्हणूनच पडदा उरेब कापायचा नाही, तो लोंबतो.

सरळ कापायचं असेल तर कात्रीवर विसंबू नका. कडेला छोटी चीर द्या, आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत जा. कापडात बारीक रेघ उमटते. त्या रेघेवरून कापा. वेळ लागतो, पण पडद्याची खालची कड चुकत नाही.

---

नवी_शिवणारी

नमस्कार, मी अगदीच नवीन आहे. जुनं मशीन मिळालंय, चालू आहे. पण टीप मारली की वरून बरी दिसते आणि खालून दोऱ्याचा नुसता गुंता! बॉबिन तीनदा काढून घातली. सोमवारपासून हेच चाललंय. मशीन बिघडलंय का?

---

रिळवाली

मशीन ठीक असणार. गुंता खाली दिसला तरी चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो, त्या प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. तेव्हा दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न जाता बाहेरच राहतो, त्याला ताण बसत नाही, आणि सैल दोरा खाली जाऊन वेटोळी करतो. प्रेशर फूट वर उचल, वरचा दोरा पूर्ण काढ, पहिल्यापासून ओव. मग फूट खाली करून दोरा हलकेच ओढून बघ. आता तो अडखळत यायला हवा. बॉबिनला हातही लावू नकोस.

आणि सुई बदल. जुन्या मशीनबरोबर आलेली सुई किती शिवलेली असेल कोण जाणे. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर सुई बदलावी. बोथट झाली की टाके गाळते आणि कापडाचे धागेही ओढते.

---

नवी_शिवणारी

ताई!! झालं!! फूट वर करून ओवला आणि दोन्ही बाजूंनी सारखी टीप. आठवडाभर रडत होते. खूप खूप आभार. सुई कितीची घेऊ? पाकिटावर ८०/१२, ९०/१४ असं काय काय असतं.

---

धावदोरा

पहिला आकडा सुईच्या जाडीचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ९० ची सुई ०.९० मिलिमीटर जाड. दुसरा आकडा त्याच जाडीचा जुन्या पद्धतीतला क्रमांक. चादर, अभ्रे, पातळ सुती असेल तर ८०/१२. पडद्याचं जरा जाड कापड, टॉवेल असेल तर ९०/१४. जीन्सचे थर एकत्र शिवायचे तर १००/१६. सुरुवातीला पहिल्या दोन पुरेत.

---

कात्री

काटकसर कुठे करू नये हेही बोलूया. सुई, दोरा आणि कात्री. स्वस्त रिळांचा रंगीत डबा फार मोहात पाडतो, मीही घेतला होता. तो दोरा हाताने ताणला की तटकन तुटतो, आणि दिव्याखाली बघितला तर सगळ्या अंगाने तंतू फुटलेले दिसतात. ते तंतू मशीनमध्ये साठतात. त्यातली रिळं आता फक्त कच्च्या टाक्याला वापरते, पुढे काढूनच टाकायचा असतो तो. कापडाची कात्री घरातल्या कुणालाही कागद कापायला द्यायची नाही, हा आमच्याकडचा कडक नियम.

बाकी टाचण्या, डबे, बरण्या, हुक, इलास्टिक, खडू हे खुशाल स्वस्तातलं घ्या. इलास्टिक मात्र ताणून सोडून बघा, मूळ लांबीवर परत येतं का.

---

निळी_चादर

बिनझिपचा अभ्रा कसा करायचा हे कुणी नीट मापांसकट सांगेल का? सोफ्याच्या उशा चौकोनी आहेत, ४० बाय ४०.

---

सुईदोरा

हा माझा सगळ्यात आवडता. एकच पट्टी लागते, १०० सेंटीमीटर लांब आणि ४२ रुंद. दोन्ही आखूड कडा तीन-तीन सेंटीमीटर आत दुमडून टीप मारायची. दुमडताना त्यातला एक सेंटीमीटर आत लपवायचा, म्हणजे कच्ची कड दिसत नाही. आता लांबी उरली ९४. पट्टी सुलट बाजू वर करून पसर. मधले ४० सेंटीमीटर म्हणजे उशीची समोरची बाजू. दोन्ही टोकं त्यावर आत घे, ती एकमेकांवर १४ सेंटीमीटर चढतील. वरची आणि खालची कड एक-एक सेंटीमीटरवर शीव. जिथे टोकं एकमेकांवर चढलीत तिथे टीप उलट-सुलट दोनदा मार, उशी घालताना सगळा जोर त्याच जागी येतो. कोपरे तिरके छाटून उलटव. झाला अभ्रा, ४० बाय ४०.

चढवण १४ पेक्षा कमी ठेवू नकोस. मी एकदा कापड वाचवायला आठ ठेवली, तर भरलेल्या उशीवर ती फट उघडून आतली उशी दिसायची.

पडद्याच्या चादरीत खालून २५-३० सेंटीमीटर उरतात ना, त्यांना फेकू नका. त्यातून पडदा बांधायच्या पट्ट्या निघतात आणि अभ्र्याला जोडपट्टीही. खोलीत तोच रंग दोनतीन ठिकाणी दिसला की सगळं ठरवून केल्यासारखं वाटतं.

---

ठिगळ

इथे सगळे नव्या चादरीबद्दल लिहिताहेत, मी जुन्या चादरीबद्दल लिहितो. पुरुष आहे, शिवणकाम आजीकडून शिकलो.

चादर विरते ती मधोमध, जिथे अंग पडतं. कडा शेवटपर्यंत नव्यासारख्या राहतात. आजी अशी चादर उजेडासमोर धरायची आणि विरलेला भाग बोटाने दाखवायची, तिथून खिडकीची चौकट दिसायची. फाटायची वाट ती कधीच बघत नसे. मधोमध लांबीत सरळ कापायची, मग दोन्ही तुकडे फिरवून बाहेरचे काठ मध्ये आणायची. काठ उसवत नाही, म्हणून दुमडायची गरज नसते. एक काठ दुसऱ्यावर सेंटीमीटरभर चढवून दोन टिपा मारल्या की पाठीला टोचणारा कंगोरा राहत नाही. विरलेला भाग आता दोन्ही बाजूंना गेला. तो छाटून कड दुमडायची. चादर थोडी अरुंद होते, पण गादीखाली खोचायला पुरते आणि पुढची काही वर्षं निघतात.

पुढे वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्येही घरोघरी हेच चालायचं. तिथे १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि ते रेशन थेट मार्च १९४९ पर्यंत टिकलं. अमेरिकेत १९३० च्या मंदीत पीठ आणि पशुखाद्य ज्या सुती पोत्यांत यायचं, त्यांवर कारखानदार फुलांची नक्षी छापू लागले, कारण बायका त्या पोत्यांचे कपडे, पडदे शिवतात हे त्यांना कळलं होतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी हात त्याच वाटेने गेले होते.

---

धावदोरा

ठिगळदादा, डोळ्यांसमोर उभी राहिली ती चादर.

---

कात्री

+१. आजच कपाटातली विरलेली चादर काढते.

---

मेणदोरा

माझ्याकडे मशीन नाही. जागाही नाही आणि सध्या घेणंही जमणार नाही. हाताने हे सगळं होईल का? पडदे वगैरे?

---

ठिगळ

नक्की होईल. पडद्याची दुमड हाताने घातलेली तर जास्त सुंदर पडते. धावदोरा, म्हणजे साधा वर-खाली टाका घाला, तीन-चार मिलिमीटरचा, आणि दर बोटभर अंतरावर एक उलटी टीप, म्हणजे सुई एक टाका मागे घालून पुढे काढायची. मध्येच दोरा तुटला तर ती उलटी टीप बाकीची शिवण धरून ठेवते. दोरा हातभरच घ्या, ४५-५० सेंटीमीटर. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असं वाटतं, पण तो गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. तुमचं नावच मेणदोरा आहे, म्हणजे माहीत असेलच, पण इतरांसाठी : दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की पिळत नाही.

अभ्रा हाताने शिवणार असाल तर धावदोरा नको, सगळीकडे उलटी टीपच घाला. तिथे जोर येतो.

---

मेणदोरा

धन्यवाद दादा. आज रात्री एका अभ्र्यापासून सुरू करते.

---

निळी_चादर

मी जुन्या टॉवेलांची गरम भांडी धरायची पकड शिवायला घेतली आहे. दुकानात मऊ पॉलिस्टरची भरण मिळाली, ती आत घालू का? फुगीर छान दिसेल.

---

रिळवाली

नको! कृपा करून नको. पॉलिस्टर उष्णतेने वितळतं आणि वितळलेलं हाताला चिकटलं तर भाजणं फार वाईट असतं. मायक्रोफायबरची स्वस्त फडकीही त्याच जातीची. पकडीत सगळं सुती हवं : कापड, भरण, दोरासुद्धा. जुन्या सुती टॉवेलचे दोन थर आणि बाहेरून सुती कापड, २० बाय २० चा चौकोन, मधून दोन तिरक्या टिपा म्हणजे थर सरकत नाहीत. आणि ओली पकड कधी वापरायची नाही, ओल्या कापडातून उष्णता लगेच हाताला पोचते.

कापड सुती आहे का कळत नसेल तर चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत पाणी जवळ ठेवून जाळून बघा. सुती कागदासारखं जळतं, वास कागदाचा, राख मऊ. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. चादरीवरच्या चिठ्ठीपेक्षा मी या मण्यावर जास्त भरवसा ठेवते.

---

सुईदोरा

हे प्रत्येकाने वाचावं. पॉलिस्टरची चादर मी पडद्यालाच घेते, आटत नाही आणि उन्हात सुती कापडापेक्षा जास्त टिकते. फक्त इस्त्री मंद.

---

नवी_शिवणारी

परत मीच. स्वस्तातली एक सुती चादर आणली, भुकटी पडत नाही, उजेडात वीण सारखी दिसते, धुऊन वाळवलीही. टेबलक्लॉथ करतेय. चारही बाजूंना तीन सेंटीमीटर ठेवलेत, एक आत आणि दोन दुमडीला. पण कोपऱ्यावर नऊ थर येतात, सुई अडते आणि कोपरा गाठोड्यासारखा दिसतो. काय करू?

---

सुईदोरा

छान माप ठेवलंयस. आता शिवण बाजूला ठेव आणि इस्त्री घे. चारही बाजूंना आधी एक, मग दोन सेंटीमीटरची दुमड इस्त्रीने पाड आणि सगळं पुन्हा उलगड. कोपऱ्यापाशी घड्यांच्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतील. त्यातल्या सगळ्यात आतल्या दोन रेघा जिथे मिळतात, तो बिंदू म्हणजे टेबलक्लॉथचा खरा कोपरा. आता कापडाचं टोक तिरकं आत दुमड, अशा बेताने की तिरकी घडी बरोबर त्या बिंदूवरून जाईल. तिच्यावर इस्त्री फिरव. घडीच्या बाहेर पाऊण सेंटीमीटर ठेवून बाकीचं टोक छाटून टाक. मग आधीच्या घड्या जशाच्या तशा परत दुमड, एक, मग दोन. दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडा समोरासमोर येऊन टेकतील, चित्राच्या चौकटीच्या कोपऱ्यासारख्या. टाचणी लाव आणि टीप मारताना कोपऱ्यात सुई कापडातच ठेवून फूट उचल, कापड फिरव, फूट खाली.

आधी वाया गेलेल्या तुकड्यावर एक कोपरा करून बघ.

---

नवी_शिवणारी

तुकड्यावर दोन केले, मग चादरीवर. तीन कोपरे अगदी चौकटीसारखे बसलेत. चौथ्यात तिरकी घडी बिंदूच्या थोडी बाहेर गेली, टोक जरा बोथट आलंय. ते आत्ताच उसवलं, उद्या सकाळच्या उजेडात परत घेते.